अर्धांगवायूनंतरची पावले आणि यंत्रमानव

अर्धांगवायूचा रुग्ण रुग्णालयातून घरी आला, की घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘‘पुन्हा चालतील ना?’’ हाताचे, बोलण्याचे प्रश्न त्यामागून येतात. अलीकडे या प्रश्नाला आणखी एक प्रश्न जोडला गेला आहे. ‘‘मोठ्या शहरात रोबोवर चालवतात म्हणे. तिकडे न्यावे का? कर्ज काढायची आमची तयारी आहे.’’ विचारणाऱ्याच्या मनात माया असते आणि घाईही असते. अशा वेळी हे यंत्र नेमके काय करते आणि काय करू शकत नाही, हे आधी नीट समजून घेतले पाहिजे. नाहीतर पैसा एकीकडे जातो आणि उपचाराचा मोलाचा काळ दुसरीकडे निसटतो.

पाय नव्हे, हुकूम अडतो

आपल्याकडे ‘अंगावरून वारे गेले’ असे म्हणतात. प्रत्यक्षात बिघाड मेंदूत झालेला असतो. मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद होते किंवा फुटते आणि तेथील पेशी मरतात. उजव्या मेंदूला इजा झाली तर डावे अंग, डाव्या मेंदूला झाली तर उजवे अंग लुळे पडते. पायाचे हाड, सांधा, स्नायू जागच्या जागी शाबूत असतात. मेंदूकडून निघालेला हुकूम मात्र त्यांच्यापर्यंत पोचत नाही. म्हणूनच नुसते तेल चोळून पाय चालू लागत नाही. मालिशने बरे वाटते, त्वचा मऊ राहते, पण अडलेला हुकूम त्याने सुटत नाही.

मेलेल्या पेशी परत येत नाहीत. पण मेंदूत एक गुण आहे. शेजारचे आणि दूरचे भाग गेलेले काम थोडेफार शिकून घेतात. हे शिकणे आपोआप होत नाही. एकच क्रिया पुन्हा पुन्हा, रुग्णाने स्वतः प्रयत्न करून केली तरच होते. लहान मूल चालायला शिकताना दिवसाकाठी किती वेळा उठते, पडते आणि पुन्हा उठते हे आपण पाहिलेच आहे. अर्धांगवायूच्या रुग्णालाही पावलांची अशीच मोठी बेरीज लागते.

ही बेरीज साध्या उपचारात बरीच कमी भरते. अमेरिका व कॅनडातील केंद्रांमध्ये प्रत्यक्ष मोजदाद करून २००९ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. चालण्याचा सराव असलेल्या एका सत्रात रुग्ण सरासरी सुमारे साडेतीनशे पावले टाकत होता. सुसज्ज देशांत ही स्थिती, तर आठवड्यातून दोनदा तालुक्याच्या गावी जाणाऱ्या रुग्णाची पावले किती होत असतील याचा अंदाज करावा.

यंत्र आले कोठून?

या यंत्रामागची कल्पना प्राण्यांवरील प्रयोगांतून पुढे आली. कॅनडातील मॉन्ट्रियल येथे बार्बो आणि रॉसिन्योल या संशोधकांनी १९८७ साली दाखवून दिले, की मज्जारज्जू तोडलेल्या मांजरांना ट्रेडमिलच्या सरकत्या पट्ट्यावर आधार देऊन रोज चालवले, तर त्यांचे मागचे पाय पुन्हा पावले टाकू लागतात. मग हाच विचार माणसाकडे वळला. रुग्णाला वरून पट्ट्याने तोलून धरायचे, शरीराचे थोडे वजन उचलायचे आणि ट्रेडमिलवर चालवायचे. १९९८ साली मॉन्ट्रियलमध्येच अर्धांगवायूच्या शंभर रुग्णांवर केलेल्या अभ्यासात वजन उचलून चालवलेल्यांची प्रगती पूर्ण वजनानिशी चालवलेल्यांपेक्षा चांगली झाली.

अडचण होती ती माणसांच्या श्रमांची. एक फिजिओथेरपिस्ट खाली बसून अधू पाय हाताने पुढे टाकणार, दुसरा मागे उभा राहून कंबर सावरणार. पंधरा-वीस मिनिटांत दोघेही घामाघूम. रुग्ण दमण्याआधी उपचार करणारेच दमून जात. ही मेहनत यंत्राकडे सोपवावी, या गरजेतून यंत्रमानव जन्माला आला. स्वित्झर्लंडमधील झुरिच येथील बालग्रिस्ट विद्यापीठ रुग्णालयात गेरी कोलंबो व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लोकोमॅट’ हे यंत्र विकसित केले. त्याच सुमारास बर्लिनमध्ये डॉ. स्टेफान हेस्से यांनी वेगळ्या पद्धतीचे यंत्र बनवले. २००० सालच्या आसपास ही दोन्ही यंत्रे वैद्यकीय जगासमोर आली.

‘यंत्रमानव’ म्हटल्यावर डोळ्यांसमोर हातपाय असलेला लोखंडी माणूस येतो. तसे काही येथे नसते. लोकोमॅटमध्ये ट्रेडमिलच्या वर चौकट असते. रुग्णाला छाती-कमरेभोवती मजबूत पट्टा बांधून वरून तोलतात. दोन्ही पायांना बाहेरून यांत्रिक पाय जोडतात. खुबा आणि गुडघा यांच्या जागी मोटारी असतात. खाली लोंबणारे पाऊल पट्ट्याने वर उचलून धरलेले असते. संगणक ठरावीक लयीत दोन्ही पाय पुढे-मागे नेतो. बर्लिनच्या यंत्रात ट्रेडमिल नसते. रुग्ण पावलांच्या आकाराच्या दोन फळ्यांवर उभा राहतो आणि त्या फळ्याच चालण्याच्या गतीने फिरतात. तिसरा प्रकार म्हणजे अंगावर चढवून जमिनीवरच चालायचा यांत्रिक सांगाडा. इस्रायलचे अभियंता अमित गोफर यांनी असा सांगाडा बनवला. ते स्वतः १९९७ मधील अपघातानंतर हातापायांनी अधू झालेले आहेत. मज्जारज्जूच्या इजेने कमरेखाली लुळे झालेल्या रुग्णांना हे साधन घरी वापरण्यास अमेरिकेने २०१४ साली मान्यता दिली.

आपल्या देशातही हे काम सुरू झाले आहे. मॅनहोल साफ करणारा ‘बँडिकूट’ हा यंत्रमानव बनवणाऱ्या केरळमधील जेनरोबोटिक्स या कंपनीने ‘जी-गेटर’ नावाचे चालण्याचे यंत्र तयार केले. २०२४ साली ते तिरुअनंतपुरमच्या सरकारी जनरल हॉस्पिटलमध्ये बसवण्यात आले. अशी साधने सरकारी रुग्णालयांत येऊ लागली, तर सामान्य माणसासाठी ती मोठीच गोष्ट ठरेल.

वीस मिनिटांत हजार पावले

यंत्राचा खरा फायदा एका साध्या हिशेबातून कळतो. समजा पट्ट्याचा वेग ताशी दीड किलोमीटर आहे, म्हणजे अगदी संथ. वीस मिनिटांत अर्धा किलोमीटर होतो. पाऊल अर्ध्या मीटरचे धरले तर ही झाली हजार पावले. ज्या रुग्णाला दोन माणसे धरूनही पलंगापासून दारापर्यंत जाता येत नाही, त्याला ही हजार पावले पडण्याच्या भीतीशिवाय मिळतात. त्याखेरीज उभे राहिल्याने हाडांवर भार येतो, रक्ताभिसरण सुधारते आणि ‘मी उभा आहे’ या जाणिवेने मन उभारी धरते, तो लाभ निराळाच.

मग निष्कर्ष काय? जगभरचे अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेने २०२० साली या विषयावर आढावा प्रसिद्ध केला. त्यात ६२ अभ्यास आणि २४४० रुग्ण होते. फिजिओथेरपीच्या जोडीने यंत्रावर सराव केलेल्या रुग्णांमध्ये दुसऱ्याच्या आधाराशिवाय चालू लागणाऱ्यांचे प्रमाण जास्त आढळले. ढोबळमानाने, अशा उपचाराच्या सात-आठ रुग्णांमागे एक जण जास्त स्वावलंबी झाला. सर्वाधिक फायदा कोणाला? झटक्यानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांतील आणि मुळीच चालता न येणाऱ्या रुग्णांना. चालण्याच्या वेगात मात्र पडलेला फरक फार थोडा होता आणि दमाने किती अंतर कापता येते यात ठळक फरक पडला नाही.

यातील ‘जोडीने’ हा शब्द वाचकांनी अधोरेखित करून ठेवावा. यंत्र फिजिओथेरपीच्या जागी नसून तिच्या सोबतीला आहे.

थोडेफार चालणाऱ्यांचे काय?

जे रुग्ण हळूहळू का होईना चालू लागले आहेत, त्यांच्या बाबतीत चित्र उलटे दिसते. अमेरिकेत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहा महिन्यांहून जुना झटका असलेले, पण चालू शकणारे ४८ रुग्ण होते. त्यांच्यापैकी माणसाच्या मदतीने ट्रेडमिलवर चाललेल्यांचा वेग यंत्राने चालवलेल्यांपेक्षा अधिक सुधारला. २००९ साली ६३ रुग्णांच्या दुसऱ्या अभ्यासातही नेहमीच्या फिजिओथेरपीचा गट वेग आणि अंतर या दोन्हींत पुढे गेला.

असे का व्हावे? कारण सोपे आहे. यंत्र पाय उचलून देते, म्हणून रुग्ण स्वतः उचलायचे सोडून देतो. दुसरा कोणी सायकल ढकलत असेल, तर आपण पायडल मारायचे थांबतो, तसेच हे. मेंदूला शिकायचे असेल तर चुकायला आणि ती चूक सुधारायला वाव हवा. म्हणून नव्या यंत्रांत ‘लागेल तेवढीच मदत’ हे तत्त्व आणले आहे. रुग्णाने जोर लावला की यंत्र आपला जोर कमी करते. पण ही मदत कधी आणि किती कमी करायची, हे शेवटी समोर उभा असलेला फिजिओथेरपिस्टच ठरवतो.

तोल वेगळा शिकावा लागतो

पाय पुढे पडणे म्हणजे चालणे नव्हे. प्रत्येक पावलागणिक क्षणभर सगळ्या अंगाचा भार एकाच पायावर येतो. त्या क्षणी पडू न देणारा तो तोल. तोलाला तीन ठिकाणांहून बातमी मिळते : डोळे, अंतःकर्ण आणि तळपाय व सांधे यांतील संवेदना. ही बातमी मेंदूत एकत्र होते आणि त्यानुसार स्नायू क्षणोक्षणी अंग सावरतात. अर्धांगवायूत अधू तळपायाकडून येणारी बातमी पुसट होते. रुग्ण सगळा भार चांगल्या पायावर टाकून उभा राहतो. अधू पायावर भरवसाच राहत नाही.

सुरुवातीच्या यंत्रांत कंबर घट्ट बांधलेली असे. अंग डावी-उजवीकडे झुकूच शकत नसे, म्हणजे तोल सावरायची वेळच येत नसे. ही उणीव ओळखून पुढच्या यंत्रांत कमरेला बाजूला हलायची मुभा दिली गेली. तोलासाठी आणखी एक चांगली सोय काही केंद्रांत असते. छतावरच्या रुळावरून सरकणारा पट्टा रुग्णाला बांधतात. रुग्ण जमिनीवर मोकळा चालतो, वळतो, वाकतो. तो पडू लागला तरच पट्टा त्याला झेलतो. दाब मोजणाऱ्या फळीवर उभे राहून पडद्यावरचा ठिपका अंग झुकवून हलवायचा, असेही खेळ असतात. कोणत्या पायावर किती भार आहे, हे त्यातून रुग्णाला डोळ्यांनी दिसते.

यंत्र परवडत नसेल तर?

निराश होण्याचे कारण नाही. अमेरिकेत ४०८ रुग्णांवर झालेला एक मोठा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यात रोबो नव्हता. वजन उचलून, माणसांच्या मदतीने ट्रेडमिलवर चालवणे आणि फिजिओथेरपिस्टने घरी येऊन बळ व तोल वाढवणारे व्यायाम करून घेणे, यांची तुलना होती. वर्षअखेर एकूण ५२ टक्के रुग्णांची चालण्याची क्षमता वरच्या पायरीवर गेली होती आणि घरच्या व्यायामाचा गट कोठेही मागे पडला नव्हता. काही रुग्णांचा ट्रेडमिलचा सराव तर झटक्यानंतर सहा महिन्यांनी सुरू झाला होता. तेही सुधारले. तेव्हा ‘तीन महिने उलटले, आता काही उपयोग नाही’ हा समज चुकीचा आहे. वेग मंदावतो, वाट बंद होत नाही.

पण याचा अर्थ घरच्यांनी मनाने काहीही करावे असा नव्हे. भारतातील १४ रुग्णालयांत १२५० रुग्णांवर झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नातेवाइकांना थोडे शिकवून घरचे उपचार त्यांच्यावर सोपवले होते. सहा महिन्यांनंतर नेहमीच्या उपचारापेक्षा काहीही फरक दिसला नाही. दोन्ही अभ्यास शेजारी ठेवले म्हणजे एवढे कळते, की कुटुंबाची माया हवीच, पण व्यायाम आठवड्या-आठवड्याला वाढवत नेणारा जाणता माणूसही हवा. असा माणूस जिल्हा रुग्णालयाच्या फिजिओथेरपी विभागात भेटू शकतो. अवघड रुग्णांसाठी मुंबईत हाजी अली येथे केंद्र सरकारची जुनी पुनर्वसन संस्था आहे.

घाईचाही एक धोका सांगितला पाहिजे. २१०४ रुग्णांच्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात झटक्यानंतर २४ तासांच्या आत वारंवार व बराच वेळ उठवून चालवण्याचा प्रयत्न झाला. अशा रुग्णांची स्थिती तीन महिन्यांनी इतरांपेक्षा कमी चांगली होती. पहिले पाऊल केव्हा, हे डॉक्टरांवर सोपवावे. ते एकदा ‘हो’ म्हणाले, की मात्र रुग्णाला अंथरुणात ठेवू नये.

केंद्रात पैसे भरण्यापूर्वी

पुढील गोष्टी विचारून घ्याव्यात :

१. आमच्या रुग्णाला हे यंत्र कशासाठी हवे? तो आज आधाराशिवाय चालत नसेल तर कारण पटण्यासारखे आहे. तो चालत असेल तर वेगळे कारण सांगता आले पाहिजे.

२. यंत्राबरोबर त्याच दिवशी जमिनीवरचे चालणे, उठणे-बसणे आणि तोलाचे व्यायाम होणार का? नुसत्या यंत्रासाठी रोज प्रवास करू नये.

३. प्रगती कशी मोजणार आणि किती सत्रांनंतर फेरविचार करणार?

४. एकूण खर्च किती? शासकीय आरोग्य योजनेत यातले काय बसते, हे योजनेच्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला आधी विचारावे.

काही रुग्णांना यंत्र चालत नाही. न जुळलेले हाड, अतिशय ठिसूळ हाडे, आखडून गेलेले सांधे, पट्ट्याखाली येणारी जखम, पोटरीच्या शिरेत गुठळी, आटोक्यात नसलेला रक्तदाब किंवा हृदयविकार असेल तर डॉक्टरांच्या परवानगीखेरीज यंत्रावर चढू नये. यंत्रांना वजनाचीही मर्यादा असते. लोकोमॅटची मर्यादा १३५ किलो आहे.

घरी काय करावे

• खुर्चीतून उठणे-बसणे हा उत्तम व्यायाम आहे. पावले थोडी मागे घ्यावीत, पुढे वाकावे आणि दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उठावे. सुरुवातीला उंच खुर्ची घ्यावी.

• स्वयंपाकघरातील ओट्याला धरून उभे राहावे आणि भार सावकाश अधू पायावर न्यावा. मागे खुर्ची ठेवलेली असावी.

• मदतनिसाने अधू बाजूला उभे राहून कमरेच्या पट्ट्याला धरावे. अधू हात धरून ओढू नये. खांदा निखळतो आणि ते दुखणे महिनोन् महिने पुरते.

• काठी चांगल्या हातात धरावी. जिना चढताना चांगला पाय आधी टाकावा, उतरताना अधू पाय आधी.

• बोटे जमिनीला घासत असतील तर पावलाची स्प्लिंट लागेल. फिजिओथेरपिस्टला विचारून मापाची करून घ्यावी.

• सतरंज्या उचलाव्यात, ओली शहाबादी फरशी पुसून कोरडी करावी, उंबरठ्याजवळ आणि न्हाणीत धरायला दांडी बसवावी. मागे पट्टा नसलेली चप्पल वापरू नये.

• छातीत दुखले, धाप लागली, चक्कर आली किंवा पोटरी सुजली तर व्यायाम तत्काळ थांबवून डॉक्टरांना दाखवावे. रक्तदाबाच्या व इतर गोळ्या, पाय सुधारला म्हणून परस्पर बंद करू नयेत.

रुग्ण थोडा चालू लागला, की घरीच एक मोजमाप ठेवता येते. अंगणात किंवा ओसरीवर दहा मीटरची रेघ आखावी आणि शेजारी माणूस ठेवून, नेहमीच्या चालीने ते अंतर जायला किती सेकंद लागतात ते घड्याळावर पाहावे. पंचवीस सेकंदांहून जास्त लागत असतील तर चालणे सध्या घरापुरते आहे. साडेबारा सेकंदांच्या आत आले, की बाजारहाट आणि रस्ता ओलांडणे यांचा विचार करता येतो. आठवड्यातून एकदा हा आकडा वहीत लिहावा आणि ती वही डॉक्टरांकडे व फिजिओथेरपिस्टकडे जाताना बरोबर न्यावी. सलग तीन-चार आठवडे आकडा हलला नाही, तर व्यायाम बदलायची वेळ झाली असे समजावे. यंत्रावर नेलेल्या रुग्णाचीही हीच वही ठेवावी. खर्च सार्थकी लागतो आहे की नाही, हे तिच्यावरून घरच्यांना स्वतःच कळेल.